बुंधा सजावटीचा नाही, आधाराचा आहे

संगमरवरी पुतळ्यांच्या पायाशी असलेला झाडाचा बुंधा ‘निसर्गाची जाणीव देण्यासाठी’ कोरला, असं तुमच्या पुतळ्यांवरच्या लेखात म्हटलंय. हे बरोबर नाही. इटलीतल्या नेपल्सच्या संग्रहालयातला, ग्रीक शिल्पकार पॉलिक्लीटसचा ‘भालाधारी’ हा पुतळा पाहा. ती मूळ ग्रीक ब्राँझ मूर्तीची रोमन काळातली संगमरवरी प्रत आहे. ब्राँझची मूर्ती आतून पोकळ, भिंत काही मिलीमीटरची, आणि तळव्याखालचे खुंट शिसं ओतून चौथऱ्यात बसवलेले. त्यामुळे ती दोन पायांवर खुशाल उभी राहते. १९७२ मध्ये इटलीतल्या रियाचे गावाजवळच्या समुद्रात सापडलेल्या योद्ध्यांच्या दोन्ही ग्रीक ब्राँझ मूर्तींना कुठलाच टेकू नाही.

दगडाचं तसं नसतं. संगमरवर भरीव, घनमीटरला सुमारे २.७ टन; दाब भरपूर सोसतो, पण वाक आला की तडकतो. सगळं वजन एका पायावर टाकून कंबर तिरकी केली की भार येतो घोट्यावर, आणि सगळ्यात बारीक भाग तोच! म्हणूनच भालाधाऱ्याचा बुंधा नेमका भार घेणाऱ्या उजव्या पायाला चिकटलेला आहे. मायकेलअँजेलोच्या ५.१७ मीटर उंच डेव्हिडलाही उजव्या पायामागे असाच बुंधा आहे, तरी घोट्यांजवळ आणि खुद्द बुंध्यातही सूक्ष्म भेगा आहेतच. लेखातले फोटो समोरून घेतलेत, त्यात हा जोड दिसतच नाही. बाजूने घेतलेला एक तरी फोटो जरूर द्या.