पाया आणि इमला : मधली पायरी सुटली आहे

नागपुरावरच्या लेखातलं ‘मार्क्सच्या मते माणसाचे विचार त्याचा खिसा ठरवतो’ हे वाक्य पटलं नाही. राजकीय अर्थशास्त्राच्या समीक्षेवरच्या आपल्या पुस्तकाच्या १८५९ च्या प्रस्तावनेत मार्क्स उत्पादनसंबंधांबद्दल बोलतो: साधनं कुणाच्या मालकीची, राबतं कोण, वरकड (मजुरी भागवून उरलेलं उत्पन्न) कुणाकडे जातं. हा पाया. कायदा आणि राजकारण हा इमला या पायावर उभा राहतो. पण तो पायाला उलट धक्काही देतो, हे मार्क्सचा सहकारी एंगेल्सने १८९० मध्ये जोसेफ ब्लॉखला लिहिलेल्या पत्रात स्पष्ट केलं आहे.

आपल्या नागपुराचंच उदाहरण घ्या. इथे १८७७ ला एम्प्रेस मिल ही कापड गिरणी सुरू झाली. एक भोंगा, एक पाळी, एकच मालक. त्यातून कामगारांना एकत्र मागणी करणं शक्य होतं. शक्य होतं, आपोआप घडत नाही. संघटना आणि लढा लागतोच.

आणि इथे जात आडवी येते. मुंबईच्या गिरण्यांत धोट्यातला (मागावर आडवा धागा नेणाऱ्या साधनातला) धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून विटाळाच्या नावाखाली दलित कामगारांना जास्त मजुरीच्या विणकाम खात्यात घेत नसत. म्हणजे जात नुसती डोक्यात नव्हती, मजुरीच्या दरातच होती. जात ही श्रमिकांचीच विभागणी आहे, असं बाबासाहेबांनी १९३६ मध्ये मांडलं, ते इथे दिसतं. नागपुरावर लिहिताना हा मुद्दा गाळणं मला गंभीर चूक वाटते.