हे घर नॉक्सचं नाही, सोनाराचं

स्कॉटलंडमधल्या एडिंबरा शहरात, रॉयल माइल या जुन्या रस्त्यावर, नेदरबो वेशीच्या जागेजवळ, भर रस्त्यात पुढे आलेलं एक जुनं दगडी घर आहे. त्याला लाकडी सज्जे आहेत आणि बाहेरून चढणारा जिना. सहलीच्या फोटोंखाली हमखास लिहिलेलं असतं: 'धर्मसुधारक जॉन नॉक्सचं घर. त्यानंच बांधलं, इथेच तो वारला. भिंतीवर त्याचं वचन, कोपऱ्यात त्याचा पुतळा.' नॉक्स म्हणजे सोळाव्या शतकात स्कॉटलंडमध्ये प्रोटेस्टंट पंथ रुजवणारा धर्मोपदेशक. पण या ओळींतली एकच गोष्ट खरी असू शकते.

आधी बांधण्याचं बघू. पश्चिमेच्या भिंतीवर दगडी हारात कोरलेली कुलचिन्हं आहेत आणि सोबत 'आय एम' व 'एम ए' ही अक्षरं. 'जे'च्या जागी तेव्हा सर्रास 'आय' कोरत. म्हणजे जेम्स मॉसमन आणि त्याची बायको मारिओटा एरस. घर मूळचं तिच्या माहेरचं. त्यावर आजचा साज चढवला तो मॉसमननं. हा स्कॉटलंडच्या कॅथलिक राणी मेरीचा सोनार. स्कॉटलंडचा राजमुकुट 1540 मध्ये नव्यानं घडवला तो याच्याच बापानं. नॉक्सला घर देत होती ती नगरपालिका. त्याच्या एका घराची पाटी आजही वरच्या अंगाला वॉरिस्टन क्लोज या गल्लीत आहे.

वचनाचं म्हणाल तर 'देवावर सर्वांहून अधिक प्रेम कर, आणि शेजाऱ्यावर स्वतःसारखं' हे सरळ बायबलातलं आहे. ते कुठल्या एका पंथाची मिरास नव्हे.

पुतळ्याची गोष्ट गमतीची. सूर्यघड्याळापाशी बोट वर करून असलेला हा माणूस म्हणजे प्रवचन देणारा नॉक्स, असं लोक पिढ्यानपिढ्या धरून चालले. तो आहे बायबलातला मोझेस. बोट सूर्याकडे, आणि त्या सूर्यावर देवाचं नाव ग्रीक, लॅटिन आणि इंग्रजीत.

राहिलं मरण. नॉक्स सेंट अँड्र्यूजहून परतला ऑगस्ट 1572 मध्ये आणि 24 नोव्हेंबरला वारला. शेवटचे तीनेक महिने तो इथे असेलही. परंपरा तसं सांगते. पण मालक तेव्हा होता कुठे? पदच्युत राणीच्या बाजूनं लढणाऱ्यांसोबत एडिंबराच्या किल्ल्यात, तिच्या नावाची नाणी पाडत. किल्ला पडल्यावर 3 ऑगस्ट 1573 रोजी मॉसमनला फाशी दिली. ज्या राणीसाठी तो मेला, तिच्या कट्टर वैऱ्याचं नाव आज त्याच्या घराला आहे!

तरी ही दंतकथा मी सरसकट मोडीत काढणार नाही. 19व्या शतकाच्या मध्याला हे घर रहदारीला अडतं म्हणून पाडायला निघाले होते. नॉक्सच्या नावाखातर फ्री चर्च या स्कॉटलंडच्या प्रोटेस्टंट चर्चनं ते विकत घेतलं आणि डागडुजी केली. गिरगाव चौपाटीसमोरच्या कॉलेजला ज्यांचं नाव आहे ते जॉन विल्सनही त्याच फ्री चर्चचे. सोनाराच्या घरासाठी त्या चर्चनं एक पेनीसुद्धा सोडली नसती.