ई-बाईक चालेल हो, आधी ती ठेवायला जागा द्या

रोज ऑफिसला जाणारा माणूस इलेक्ट्रिक बाईक घेईल का यावर सध्या बरंच काही वाचायला मिळतंय. मी बोलतोय ते पायडल मारायच्या, मोटर बसवलेल्या सायकलबद्दल, स्कूटरचा विषय वेगळा. माझं मत सरळ आहे, घेईल, नक्की घेईल, पण आपण वाद भलत्याच गोष्टीवर घालतोय. जो तो विचारतो "एका चार्जमध्ये किती जाते?" आणि गाडी तिथेच अडते.

जरा हिशोब करून बघा. बॅटरी साधारण 400 ते 500 वॅट-तासाची असते, म्हणजे पूर्ण भरायला जेमतेम अर्धा युनिट वीज, आणि किलोमीटरला 8 ते 15 वॅट-तास धरले तरी 25 किलोमीटर सहसा कुठे जात नाहीत. जायला आठ, यायला आठ असं अंतर असेल तर दिवसाला जी वीज लागते तेवढ्यात घरातला छताचा पंखा दोन-अडीच तास फिरतो, बस. रात्री झोपताना लावली की सकाळी तयार, त्यामुळे रेंजची काळजी शहरातल्या माणसाने करायचं खरंच कारण नाही.

साधी सायकल लोक का सोडतात? आळशी आहेत म्हणून नाही हो. घाम आणि चढ, या दोन गोष्टींमुळे. सपाट रस्त्यावर ताशी 15 च्या वेगाला 50 वॅटच्या आसपास ताकद पुरते, ती कुणीही देतं. पण समोर पाच टक्क्यांचा चढ आला, म्हणजे शंभर मीटर पुढे गेलं की पाच मीटर वर, आणि सायकल धरून माणसाचं वजन 100 किलो असलं, की त्याच वेगाला 250 वॅटच्या आसपास लागतात. व्यायामाची सवय नसलेला माणूस सलग शंभरेक वॅट देऊ शकतो, त्यामुळे एका फ्लायओव्हरवर शर्ट ओला होतो आणि मग मीटिंगमध्ये त्याच शर्टात बसायचं. ई-बाईक नेमकी ही वरची तूट भरून काढते. युरोपात कायद्याने मोटर 250 वॅटची आणि मदत ताशी 25 किलोमीटरपर्यंतच, आणि खरं सांगतो, शहरातल्या ट्रॅफिकमध्ये याहून जास्त काही लागतच नाही.

आणि सिग्नल! सिग्नल सुटल्यावर पहिला पायडल मारताना काय होतं ते एकदा अनुभवाच. चांगल्या बाईकमध्ये टॉर्क सेन्सर असतो, तुम्ही किती जोर लावला ते तो मोजतो आणि मोटर त्या प्रमाणात साथ देते, त्यामुळे आपल्याच पायात बळ आल्यासारखं वाटतं. स्वस्त बाईकमध्ये पायडल फिरतंय की नाही एवढंच कळतं, मग मोटर जरा उशिरा आणि एकदम झटका देऊन जागी होते. पहिल्यांदा चालवून बघणाऱ्याला असली बाईक मिळाली की तो "नको बाबा" म्हणून परत जातो, हे मी बघितलंय आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

हे काही कालपरवाचं खूळ नाही. यामाहाने जपानमध्ये पायडलला साथ देणारी सायकल 1993 मध्येच विकायला काढली. जर्मनीत 2023 मध्ये ई-बाईक साध्या सायकलींपेक्षा जास्त विकल्या गेल्या. नेदरलँड्ससारख्या सपाट देशातही लोक त्या घेतात, कारण समोरून येणारा वारा चढाइतकाच दमवतो.

मग अडतं कुठे? बाईक ठेवण्यात. ही वस्तू 20-25 किलोची, लिफ्ट नसेल तर तिसऱ्या मजल्यावर कोण चढवणार? खाली ठेवली तर चोरीची भीती, आणि इथे नुसती सायकल जात नाही, बॅटरीसकट जाते, जी त्यातली सगळ्यात महाग वस्तू. बॅटरी काढून वर नेता येते, तीनेक किलोची असते, पण मग आगीची भीती. ती भीती खोटी नाही. न्यूयॉर्कमध्ये या बॅटऱ्यांच्या आगीत माणसं गेली आणि 2023 पासून तिथे प्रमाणित नसलेल्या बॅटऱ्या विकायला बंदी आली. धोका वाढतो तो हलक्या दर्जाच्या सेलमुळे, दुसऱ्याच चार्जरमुळे, कुणीतरी उघडून जोडजाड केलेल्या पॅकमुळे. यावर उपाय दर्जा तपासणं हा आहे, पण सोसायट्या आणि ऑफिसं सरसकट "आत आणू नका" अशी पाटी लावून मोकळी होतात. अरे मग माणसाने ती ठेवायची कुठे?

दुसरं रस्त्याचं. ताशी 20-25 ने जाणारा माणूस फुटपाथवर चालणाऱ्यांना धोका आणि बसच्या बाजूला स्वतः धोक्यात. वेगळी लेन हवीच, आणि नुसता रंगाचा पट्टा नको, मध्ये कठडा हवा, नाहीतर तासाभरात तिथे गाड्या पार्क होतात. पॅरिसने 2020 नंतर अशा लेन वाढवल्या तशी सायकलींची गर्दीही वाढली.

म्हणून माझं मागणं कंपन्यांकडे कमी आणि इमारती सांभाळणाऱ्यांकडे जास्त आहे. तळमजल्यावर चार कारची जागा काढा, जमिनीत पक्के रोवलेले लोखंडी आकडे बसवा म्हणजे फ्रेमला कुलूप घालता येईल, वर छप्पर, बाजूला प्लग पॉइंट आणि धूर ओळखणारा अलार्म, आणि बाहेर जायच्या वाटेपासून जरा लांब. चार कारच्या जागेत तीसेक बाईक आरामात मावतात. तुमच्या ऑफिसात असं काही केलेलं असेल तर फोटो टाका खाली, मला आमच्या मॅनेजमेंटला दाखवायचेत.