छाट माझ्यासमोर मोडा

सकाळपासून डोकं तापलंय. सोलापूरचं ऊन तापवतंच, पण आजचा ताप उन्हाचा नाही.

एका प्रशिक्षणाला गेले होते. आम्ही शिक्षक, काही अंगणवाडीताई, काही आशाताई. पडद्यावर शब्द आला, व्हल्नरेबल. खाली यादी: विडी कामगार महिला, यंत्रमाग कामगार, एकट्या राहणाऱ्या बायका, कचरा वेचणारे. शिकवणारे सर म्हणाले, "म्हणजे दुर्बल. सोप्या मराठीत सांगायचं तर बिचारे." सगळ्यांनी माना खाली घालून वहीत उतरवून घेतलं. माझ्या शेजारच्या ताईनंसुद्धा लिहिलं 'दुर्बल', आणि तिची आई आजही विडी वळते. माझी आई चाळीस वर्षं वळत होती.

मी शाळेत इंग्रजी शिकवते. त्या खोलीत हात वर करायला माझ्याइतकं योग्य माणूस कुणी नव्हतं. मी केला नाही. म्हणून आता लिहितेय.

आमची अम्मा रोजच्या हजार विड्या वळायची. पानं भिजवायची, पत्र्याचं माप ठेवून कात्रीनं कापायची, मांडीवर सूप घेऊन बसली की उठायची ती चुलीकडेच. तंबाखू भरायची, वळायची, दोरा बांधायची, तोंड मुडपायची. बोलता बोलता पंचवीसची जुडी तयार. मी पाचवीत असेन, माल द्यायला तिच्याबरोबर कारखान्यात गेले होते. तपासणाऱ्यानं तिच्या चार जुड्या उचलून बाजूला टाकल्या. "छाट." छाट म्हणजे नापास माल. शंभर विड्यांची मजुरी गेली. बाकीच्या बायकांचीही निघायची, त्या गप्प निघून जायच्या. अम्मा हलली नाही. पदर खोचला आणि म्हणाली, "छाट असेल तर माझ्यासमोर मोडा. विकणार असाल तर पैसे द्या."

मागची रांग थांबली. तो आधी हसला, मग ओरडला. ही तशीच उभी.

आता मला सांगा, ही दुर्बल?

मुळात त्या सरांनी शब्दच चुकीचा सांगितला. व्हल्नरेबल आला लॅटिनमधून, वुल्नुस म्हणजे जखम. ज्याला जखम होऊ शकते तो व्हल्नरेबल. त्याच्या अंगात बळ किती, याचा त्यात हिशेबच नाही. दुबळेपणासाठी इंग्रजीत वेगळे शब्द पडलेत की! फ्रेल आणि फ्रॅजाइल एकाच मुळातले, दोघांच्या पोटात मोडणं आहे. फीबल तर रडण्यावरून आलाय, ज्याच्यासाठी रडावं असा. सरांनी वाचलं व्हल्नरेबल आणि आम्हाला सांगितलं फीबल.

आणि जखम कुणाला होत नाही? सुश्रुतानं माणसाच्या शरीरात १०७ मर्मं सांगितली. ती विडी वळणारीला जेवढी, तेवढीच कारखानदाराला आणि पडद्यासमोर उभ्या असलेल्या साहेबाला. फरक एवढाच की साहेबाच्या मर्मावर पगार आहे, विमा आहे, पक्कं घर आहे. अम्माचं मर्म उघडं होतं. ते उघडं कुणी ठेवलं, हा खरा प्रश्न. 'दुर्बल' म्हटलं की तो विचारायची सोयच राहत नाही. बळ कमी, म्हणजे खोट तिच्यातच.

मराठीत याला किती नेमकं बोलतात बघा. 'वाऱ्यावर सोडलं.' 'उघड्यावर टाकलं.' म्हटलं की समोरचा लगेच विचारतो, कुणी? सोलापुरातल्या गिरण्या बंद पडल्या तेव्हा आमच्या गल्लीतले धट्टेकट्टे बाप्ये एका रात्रीत अशक्त झाले नव्हते. त्यांना वाऱ्यावर सोडलं होतं. आणि त्यांची घरं चालवली कुणी? सूप मांडीवर घेऊन बसलेल्या बायांनी.

हो, मला माहीत आहे, राज्यघटनेच्या ४६व्या कलमातही 'दुर्बल घटक' आहे. त्या शब्दाच्या जोरावर शिष्यवृत्त्या मिळाल्या, घरकुलं झाली. मान्य. सरकारी कागदाला काहीतरी नाव लागतंच. २००६ साली 'आदिम' हा शब्द काढून आदिवासींच्या ७५ गटांसाठी व्हल्नरेबल आणला, त्यात आपले कातकरी, कोलाम आणि माडिया आले. आदिमपेक्षा तो बराच बरा. पण कागदावरचं नाव माणसाच्या तोंडावर फेकून 'बिचारे' म्हणायचा परवाना कुणी दिला?

दुसरीकडे माझी भाची. पुण्यात नोकरी करते. परवा फोनवर म्हणाली, "मावशी, माणसानं व्हल्नरेबल व्हायला शिकलं पाहिजे." तिकडे म्हणे त्याचा अर्थ मन मोकळं करणं, जखम दाखवणं. मी फटकन बोलले, "खाली गादी असली की पडायला सोपं जातं गं." ती गप्प झाली. नंतर मला वाईट वाटलं. कारण तिचं चूक नव्हतं. आमचे नाना मागावरून सुटले ते दारूत बुडाले, कधी कुणाजवळ एक शब्द बोलले नाहीत. त्यांना कुणी शिकवलं असतं मन मोकळं करायला, तर कदाचित आज असते. उद्या तिला फोन करीन.

हे लिहितेय आणि समोर अम्मा बसलीय. विडी सोडून सहा वर्षं झाली, तरी बोटं रिकामी राहत नाहीत, गोधडीला टाके घालतेय. तिला विचारलं, त्या दिवशी पुढं काय झालं आठवतंय का? म्हणाली, "मोडल्या की त्यानं. एकेक करून. सगळा तंबाखू फरशीवर."

"आणि पैसे?"

"पैसे कुठले. पानाची भरपाईसुद्धा माझ्याच खिशातून."

मग मी तिला सकाळचं सांगितलं. सरांनी काय म्हटलं ते. तिनं ऐकून घेतलं, रागावली नाही. चष्मा कपाळावर सरकवला आणि सुई-दोरा माझ्यापुढं केला. "ओवून दे. मला आता दिसत नाही."

दोनदा हुकला दोरा. माझेच डोळे भरले होते.