कोकणातले थांबे तारांनी खाल्लेले नाहीत

आत्याचा संगमेश्वरहून फोन आला. "विजेच्या तारा आल्या म्हणून आपली पॅसेंजर गेली म्हणतात, खरं काय रे?" तिला आलेला मेसेज मग मलाही तीन ग्रुपांतून आला. त्याचं म्हणणं असं: विजेच्या इंजिनाला सारखं थांबता येत नाही, म्हणून कोकण रेल्वेवर छोट्या स्थानकांचे थांबे काढले. त्याच कारणाने दादर–रत्नागिरी पॅसेंजर दादरऐवजी दिवा स्थानकातून सोडली. गावातली वीज गेली की गाडी जागेवर थांबणार. आणि तारा आल्याच आहेत, तर चिपळूण लोकल उद्या सुरू होऊ शकते, फक्त करायची नाही.

पहिला मुद्दा मुंबईत राहणाऱ्या चाकरमान्यांनी पुढे पाठवावा, याची मला चीड आली. तुम्ही रोज ज्या लोकलने जाता ती कशावर चालते? ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला हार्बर मार्गावर देशातली पहिली विजेची गाडी धावली, तेव्हापासून जवळजवळच्या थांब्यांसाठी वीजच वापरली जाते. डिझेल इंजिन स्वतःची शक्ती स्वतःच तयार करतं, त्यामुळे त्याला तिथेच मर्यादा पडते. विजेची गाडी तारेतून शक्ती घेते आणि सुटताना थोडा वेळ जास्तही ओढू शकते. लोकल आणि मेमूत (लोकलसारखीच, पण जास्त अंतराची विजेची गाडी) तर मोटरी एकाच टोकाला नसतात, गाडीभर वाटलेल्या असतात. म्हणून त्या थांबतात पटकन आणि वेगही पटकन घेतात. नव्या गाड्या ब्रेक लावताना काही वीज तारेत परतही पाठवतात. सारख्या थांबणाऱ्या गाडीला विजेइतकं सोयीचं दुसरं काही नाही. हा मुद्दा नुसता चुकीचा नाही, घातकही आहे. तो पटला तर उद्या थांबा मागायला गेलेल्या माणसाला "तारा आल्या, आता जमत नाही" हे उत्तर मुकाट्याने ऐकून घ्यावं लागेल.

तारखाही बघा. रोहा ते ठोकूर या कोकण रेल्वेच्या ७४१ किलोमीटर मार्गाचं विद्युतीकरण मार्च २०२२ मध्ये पूर्ण झालं. पॅसेंजर गाड्या थांबल्या मार्च २०२० मध्ये, कोविडमुळे. पुन्हा सुरू झाल्या तेव्हा रत्नागिरी पॅसेंजर दिव्यापासून सुटू लागली आणि दिवा–सावंतवाडी पॅसेंजरची एक्सप्रेस झाली. १० रुपयांचं किमान तिकीट ३० वर गेलं, ते पुन्हा १० वर यायला २०२४ उजाडलं. हे सगळे वेळापत्रकाचे निर्णय होते. माणसांनी घेतलेले निर्णय माणसंच बदलू शकतात.

वीज गेली की गाडी थांबणार, हे अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करतो. तार तुटली, झाड पडलं, तर तो टप्पा ठप्प होतो आणि डिझेल इंजिन आणून गाडी ओढावी लागते. कोकणातल्या पावसात हे व्हायचंच. पण गावातली वीज जाण्याशी याचा संबंध नाही. रेल्वेची उपकेंद्रं थेट उच्चदाबाच्या वाहिन्यांवरून वीज घेतात, आणि एक बंद पडलं तर शेजारच्या उपकेंद्रावरून पुरवठा करता येतो.

शेवटचा मुद्दा पहिल्याच्या अगदी उलट आहे, हे पाठवणाऱ्यांच्या लक्षात कसं आलं नाही? एकीकडे विजेची गाडी थांबू शकत नाही, दुसरीकडे उद्यापासून लोकल! डहाणूकरांना विचारा. विरारच्या पुढे तारा अनेक दशकं होत्या, पण त्यांत २५,००० व्होल्ट एसी आणि मुंबईच्या बाजूला १,५०० व्होल्ट डीसी. पश्चिम रेल्वेवरचं डीसीचं एसीत रूपांतर २०१२ मध्ये संपलं आणि लोकल डहाणूला पोचली एप्रिल २०१३ मध्ये. तरीही तिथे फेऱ्या मोजक्याच मिळाल्या, कारण विरारपुढच्या दोनच मार्गांवर एक्सप्रेस आणि मालगाड्याही धावतात.

आपल्याकडे तर रोहा–वीर एवढाच टप्पा ऑगस्ट २०२१ मध्ये दुहेरी झाला. वीरच्या पुढे एकच रूळ. समोरून गाडी आली की पॅसेंजर क्रॉसिंगला, म्हणजे स्थानकातल्या बाजूच्या रुळावर, काढून थांबवतात, मग इंजिन विजेचं असो की डिझेलचं. कडवई, वेरवली, खारेपाटण रोड, अचिर्णे अशी नवी क्रॉसिंग स्थानकं झाली, त्याने थोडी जागा मिळाली. गणपतीत दिवा–चिपळूण मेमू याच एका रुळावर धावली, याच तारांखालून. अर्ज करायचाच तर ती मेमू बारमाही करा, रत्नागिरी पॅसेंजर दादरला परत न्या आणि वीरच्या पुढे दुसरा रूळ टाका, असा करा.