सहा व्हायोलिनं आणि एक पाकीट

परवा सांगलीत लॉजच्या मॅनेजरने आमच्या पेट्यांवर नजर टाकली आणि मान न उचलता म्हणाला, "बँडवाल्यांची सोय मागं, पार्किंगात."

आम्ही सहा व्हायोलिनवाले आणि एक तबलजी. लग्नसराईमुळे खोल्या वऱ्हाडाने अडवलेल्या. बँडवाल्यांना मी कमी लेखत नाही, त्यांना निदान बिदागी आगाऊ मिळते. पण ज्या गावाला नाट्यपंढरी म्हणतात, जिथे विष्णुदास भाव्यांनी 1843 साली मराठी नाटक उभं केलं, तिथे कलाकाराने दोन बुलेटच्या मध्ये खुर्ची टाकून बसायचं?

ऊन मी म्हणत होतं. कोरड्या हवेत खुंट्या घसरतात, म्हणून आम्ही तारा जुळवायला घेतल्या. सहा चोक चोवीस. तेवढ्यात वऱ्हाडातले एक आप्पा आइस्क्रीमचा लाकडी चमचा चोखत आले.

"ह्ये काय म्हणायचं?"

"व्हायोलिन."

"भोपळा कुठाय?"

मिरज हाकेवर. तिथल्या सतारमेकर गल्लीत पिढ्यान्‌पिढ्या भोपळ्याचे तंबोरे घडतात. त्यामुळे आमचं वाद्य आप्पांना अर्धवटच वाटलं असणार.

"याला भोपळा नसतो."

"मग सस्त्यात पडत आसंल."

एवढं बोलून त्यांनी माझा बो, म्हणजे व्हायोलिनचा गज, उचलला आणि आइस्क्रीमचा अंगठा त्याच्या केसांवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. ज्याला कळतं त्याच्या पोटात इथेच गोळा येईल. केसांना हाताचं तेल लागलं की तारेवर पकड देणारी राळ त्या जागी धरत नाही आणि तार बोलत नाही. इथे तर तेलावर बटरस्कॉच.

"दोरा कसला ह्यो?"

"घोड्याच्या शेपटीचे केस आहेत."

"घोडं का घोडी?"

"माहीत नाही."

"आन् रोज हातात धरताय?" त्यांनी बो परत दिला. आता तो त्यांनाच नकोसा झाला होता.

मग म्हटलं, जरा वजन टाकावं. "आप्पा, व्हायोलिनचे मोठे कलावंत पंडित वि. गो. जोग तुमच्या शेजारच्या जिल्ह्यातले, वाईचे. बिस्मिल्ला खाँसाहेबांबरोबर जुगलबंद्या केल्यात त्यांनी."

"बिस्मिल्ला खाँ! सनई!" आप्पांचा चेहरा उजळला. "सनई असती तर आमच्यातच घेतलं असतं की वो तुमास्नी. जेवूनखावून."

थोडा वेळ गेला. चमचा संपेना.

"सहा जण सहा गाणी वाजवनार?"

"नाही, एकच."

"समदी मिळून येकच?"

"हो."

"मग येकानंच जोरात वाजवावं की. पाच जनांचं तिकीट वाचंल."

मी मन लावून समजावलं. कुणी खर्जातून आधार देतो, कुणी वरच्या सप्तकात जातो, सहा गज एका वळणाने फिरले की नाद कसा भरून येतो वगैरे. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजी येकाचं चुकलं तर बाकीच्यात खपून जातंय."

हे खरं आहे. पण ते तबलजीसमोर म्हणायची गरज नव्हती. तो अजून हसतोय.

कार्यक्रम बरा झाला. निवेदिकेने आम्हाला 'सारंगीवादक' म्हटलं, तेही सोडून देऊ. पण शेवटी सत्काराला शाल एक, नारळ एक, पाकीट एक. ठरलेल्यापेक्षा पाकीट हलकंच लागलं, म्हणून विचारलं, तर संयोजक हसून म्हणाले, "ग्रुप म्हणजे एकच कलाकार धरतो आम्ही."

लॉजवाल्याने मात्र सात डोकी धरली होती, शिवाय दोन जादा गाद्या. एसटीच्या कंडक्टरनेही सातच तिकिटं फाडली होती. आमचा ग्रुप फक्त पाकिटापुरता एकजीव होतो. वर पाकिटाबद्दल विचारलं की 'कलाकारांनी पैशाकडे बघू नये' हे ऐकवणारे असतातच, आणि त्यांचा पगार महिन्याच्या महिन्याला खात्यात पडतो.

पुढचा मुक्काम सातारा. सकाळीच तिथल्या संयोजकांचा फोन आला. फार अदबीने बोलले. प्रवास कसा झाला, तब्येती कशा आहेत, जेवण तिखट चालेल का. मग जरा थांबून म्हणाले, "सर, सगळ्यांनीच यायला हवं का?"