म्हणे एलडीएल निर्दोष सुटला

चवथीच्या आधीपासून आमच्या घरच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, काकांनी तर तीनदा टाकला. मजकूर थोडक्यात असा, की कोलेस्टेरॉल वाहून नेणाऱ्या प्रोटीनचं खरं रूप शास्त्रज्ञांनी आत्ता पाहिलं, ती शरीराची साधी मालगाडी निघाली, म्हणजे 'वाईट कोलेस्टेरॉल', अर्थात एलडीएल, हे औषधवाल्यांचं थोतांड, अमेरिकेनेही 2015 ला मान्य केलं, आपले आजोबा खोबरं खाऊन नव्वदी गाठायचे, तेव्हा कोलेस्टेरॉलच्या गोळ्या बंद करा. मी गोव्यात म्हापशाला लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करतो, डॉक्टर नाही. पण फोंड्याच्या मावशीने हे वाचून खरंच गोळ्या बंद केल्या, दहाच्या पाकिटातल्या सहा देवाच्या फोटोमागे तशाच सापडल्या, म्हणून लिहितोय.

रूप पाहिलं हे खरं आहे. 2024 च्या डिसेंबरात 'नेचर'मध्ये आलं, नमुना झटक्यात गोठवून इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघतात ती पद्धत. प्रोटीनचं नाव अपोबी-100, 4536 अमिनो अॅसिडची एकच लांब साखळी, चरबीच्या गोळ्याला चिकटलेली, त्यामुळे इतकी वर्षं तिचं नीट चित्रच मिळत नव्हतं. हा चरबीचा गोळा म्हणजेच एलडीएल, त्याच्याभोवती ती करदोट्यासारखी गुंडाळलेली असते. पण मेसेजवाल्याने पुढचं वाचलंच नाही. चित्रात ती पेशीवरच्या रिसेप्टरला, म्हणजे एलडीएल रक्तातून ओढून घेणाऱ्या हुकाला, कुठे पकडते तेही दिसलं, आणि घराण्यातच कोलेस्टेरॉल जास्त असणाऱ्या लोकांमधले काही बिघाड नेमके त्याच जागी बसतात. ह्या हुकाच्या शोधाला ब्राउन आणि गोल्डस्टीनना 1985 चं नोबेल मिळालंय. हुक नीट लागत नाही, एलडीएल रक्तात फिरत राहतं, माणसाला तरुणपणीही अटॅक येऊ शकतो. याला निर्दोष सुटणं म्हणतात?

मालगाडी म्हणालात तर मालगाडीच. शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात एकेक टेम्पो चांगलाच असतो, पण सगळे एकदम घुसले की काय होतं ते आम्हाला विचारा. एका एलडीएल गोळ्यावर अपोबी एकच असतं आणि ते शेवटपर्यंत उतरत नाही, म्हणून अपोबी मोजलं की गाड्या मोजल्यासारखं होतं. त्यात ह्या करदोट्याचे काही भाग प्लस चार्जचे, आणि रक्तवाहिनीच्या भिंतीत मायनस चार्जच्या साखरेच्या साखळ्या असतात, तिथे गाडी अडकते. गाड्या जेवढ्या जास्त आणि जेवढी जास्त वर्षं, तेवढ्या जास्त अडकणार, मग पांढऱ्या पेशी त्या खाऊन फुगतात आणि तिथेच राहतात.

आता माझ्या टेबलावरची गोष्ट. त्याच मेसेजसोबत व्हिडिओ आहे, ट्यूबमधलं सिरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणारं पाणी, दुधासारखं दिसलं तरच काळजी, पिवळं स्वच्छ असलं तर बिनधास्त. चूक, साफ चूक. दुधट दिसतं ते बहुतेक ट्रायग्लिसराइड नावाच्या दुसऱ्या चरबीमुळे, लग्नाचं जेवण जेवून थोड्या वेळात रक्त दिलं की असं होऊ शकतं. एलडीएलचे गोळे इतके बारीक की एका मिलिमीटरात 40 हजार ओळीने मावतील, ते कितीही वाढले तरी सिरम स्वच्छच दिसतं. एलडीएल 200 च्या वर आणि सिरम पातळ मधासारखं पारदर्शक, असं मी किती वेळा बघितलंय.

2015 चं म्हणाल तर अमेरिकेने काढली ती जेवणातल्या कोलेस्टेरॉलची 300 मिलिग्रॅमची मर्यादा. रक्तातलं एलडीएल निरुपद्रवी आहे असं त्यांनी म्हटलंच नव्हतं, दोन वेगळ्या गोष्टी. आणि 'मेंदूला कोलेस्टेरॉल लागतं', हो लागतं, पण मेंदू स्वतःचं स्वतः बनवतो, रक्तातलं एलडीएल तिथे पोचतच नाही.

राहिले आजोबा. नारळात कोलेस्टेरॉल नसतंच, पण खोबरेल तेलातली बहुतेक चरबी सॅच्युरेटेड, ती एलडीएल वाढवते. म्हणून हुमणात, म्हणजे माशाच्या आमटीत, खोबरं घालूच नका असं मी म्हणणार नाही, मी स्वतः घालतो. आजोबा दिवसभर भाटात, म्हणजे नारळाच्या बागेत, राबायचे, स्कूटरने कोपऱ्यावर पाव आणायला जायचे नाहीत, आणि नव्वदी गाठली त्यांचीच गोष्ट सांगतात. माझे एक आजोबा 52 ला 'छातीत कळ आली' एवढंच म्हणून गेले, त्यांचा फोटो कोणी फॉरवर्ड करत नाही.

बरं, मावशी फक्त मेसेज वाचून थांबली नव्हती. खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, "अरे, गोळी घेतली की पोटऱ्या दुखतात." हे होऊ शकतं, डॉक्टर डोस कमी करतात, गोळी बदलतात, स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलची नेहमीची गोळी, सोडून दुसरी औषधंही आहेत. तिने हे दोन महिने कोणाला सांगितलंच नव्हतं, आणि मेसेज अगदी वेळेवर आला. सोमवारी मी तिला घेऊन जातोय, पाकीट तसंच घेऊन, उरलेल्या सहा गोळ्यांसकट.